फुकटातलं जर्मन

"फुकट आहे ना काका? मग त्यात काय दम असणार!"

जर्मन फुकटातही शिकता येतं म्हटलं, तर शेजारची पोरगी आज पटकन बोलून गेली. हातात जर्मनच्या क्लासची पावती, एवनची म्हणजे पहिल्या पातळीची घसघशीत फी.

मी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स लावून दिला. एवन ते बीवन, म्हणजे पहिल्या तीन पातळ्या, सगळं मोफत. सुरुवातीलाच नायक निकोची बॅग गायब! "पुढे?" म्हणत तिनं मोबाईलच ओढून घेतला. मग तिथल्याच संथ वाचलेल्या बातम्या दाखवल्या, समोर मजकुरासकट. जर्मनीतल्या 'फोल्क्सहोखशूल' या प्रौढशिक्षण केंद्रांचं पोर्टलही मोफतच.

बोलायच्या सरावाला माणूस लागतो, परीक्षेची फी चुकत नाही, हे खरंच. पण तिच्या आईचं म्हणणं, "पैसे भरल्याशिवाय पोरं अभ्यासाला बसत नाहीत हो."

तुमच्याकडेही असंच का?