बर्फाची बाटली

ती तपासणीच्या खोलीत आली तीच कडाकडा बर्फ चावत. हातात स्टीलची बाटली, तिच्यात पाणी नावाला, बाकी सगळा बर्फ. वय 14. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई म्हणाली, "डॉक्टर, दिवसभर हेच चालतं. दात जातील हिचे. जेवायचं म्हटलं की नको. नुसते नखरे झालेत."

नखरे हा शब्द मी रोज ऐकते. पण मूल बर्फ चावतंय म्हटलं की माझा हात आधी त्याच्या डोळ्याकडे जातो. खालची पापणी हलकेच ओढली. आतून गुलाबी दिसायला हवी, ती जवळजवळ पांढरी होती. अंगातलं लोह आटलं की काहींना बर्फ खावासा वाटतो, काहींना माती, खडू. संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 7.8. या वयाच्या मुलीचं निदान 12 तरी हवं.

दुसऱ्या दिवशी दोघींना परत बोलावलं आणि आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. "काय खातेस?" असं मी मुलांना विचारत नाही, पाठ केलेलं उत्तर मिळतं. "काल उठल्यापासून काय काय खाल्लंस?" असं विचारते.

"सकाळी चहा. डबा मैत्रिणीला दिला. चार वाजता बिस्किटं नि चहा. रात्री थोडंसं जेवले."

पाळी आठ-आठ दिवस चालते, हेही तिने सांगितलं. घरी सांगितलं नव्हतं. डबा कधीपासून देतेस म्हटल्यावर ती बाटलीच्या झाकणाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी शाळेत तपासणी होती. माझं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मुलं हसली."

माझ्या पोटात गोळा आला. आमचा वजनकाटाही बाहेर, बसलेल्या लोकांसमोरच होता, आणि कालच सिस्टरने तिचं वजन तिथूनच मला ओरडून सांगितलं होतं.

तिला कागदावर उंचीचा आलेख काढून दाखवला. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. हाडं, स्नायू, रक्त, सगळंच वाढतं, मग वजन वाढणारच. ते वाढलं नसतं तर मला काळजी वाटली असती. त्यात पाळी सुरू झालेली. अमेरिकेतल्या शिफारशींप्रमाणे 9 ते 13 वयात दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह पुरतं, 14 पासून मुलींना 15 लागतं. गरज जवळपास दुप्पट झाली, आणि हिने नेमकं तेव्हाच ताट अर्धं केलं.

आई आत आल्या. पाळीबद्दल मी सांगू का, असं तिला आधी विचारून घेतलं होतं. ऐकून त्या गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बीट देऊ का रोज?" बीट लाल असतं एवढंच, लोह त्यात फारसं नाही. डाळी, कडधान्यं, अंडी, मांस यांत त्याहून बरंच जास्त. आणि 7.8 ला नुसत्या जेवणाने भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पाळीच्या तपासणीसाठीही चिठ्ठी दिली. आहाराचा लांबलचक तक्ता दिला नाही, तो फ्रिजवर चिकटून राहतो. एवढंच सांगितलं: चहा जेवणापासून आणि गोळीपासून निदान तासभर लांब, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. डाळ-भाजीवर लिंबू पिळायचं. सकाळी उपाशीपोटी घराबाहेर पडायचं नाही, एक अंडं नाहीतर एक केळं तरी पोटात हवं. आणि घरात तिच्या वजनावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

त्याच दिवशी वजनकाटा उचलून आत, पडद्यामागे ठेवला.

तीन आठवड्यांनी दोघी आल्या. हिमोग्लोबिन 9.4, अजून बरीच मजल बाकी होती. बाटलीत नुसतं पाणी होतं. "पहिल्या दहा दिवसांतच बर्फ सुटला हिचा," आई म्हणाल्या. ती पडद्यामागे काट्यापाशी गेली, थबकली आणि मला म्हणाली, "आज फक्त उंची मोजली तर चालेल?"

मी मोजपट्टी काढली.