कापसात गुंडाळलेली बॅट

"भाऊ, बॅट फुटली ना जी."

फोन गडचिरोलीकडच्या वडशाहून होता. बोलण्यात 'जी' आला की माणूस झाडीपट्टीतला, हे आम्हा वऱ्हाडी लोकांना नाव न विचारता कळतं. त्याच्या मुलीसाठी चार दिवसांपूर्वी मी बॅट पाठवली होती. इंग्लिश विलो लाकडाची, 1170 ग्रॅम, दीड हंगाम वापरलेली, 6500 रुपये. मुलीची निवड चाचणी आठवड्यावर आलेली.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या गावात बसून मी वापरलेलं क्रिकेटचं सामान विकतो. अमरावती-नागपूरचे क्लबचे खेळाडू हंगाम संपला की बॅट बदलतात, त्या मी घेतो. ग्रिप बदलतो, टोला (म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाला) जवसाचं तेल लावतो, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. जवस गावातलाच, तेल घाणीवरचं. मार्च 2025 मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्धच्या फायनलनंतर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, तेव्हापासून गडचिरोली-गोंदियाकडूनही फोन येऊ लागले. हा त्यातलाच एक.

पहिला विचार मनात आला तो संशयाचा. खेळले असतील, पायाशी पडणारा यॉर्कर टोवर लागला असेल, आता पैसे मागतायत. असं माझ्यासोबत दोनदा झालेलं आहे. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला का, विचारलं. नाही म्हणाला. पोरीला दम निघाला नाही, तिने दातांनीच टेप तोडला.

मग फोटो मागवले. बॅटचेही आणि खोक्याचेही, सहाही बाजूंनी. जुनी चीर असली की तिच्यात तेल आणि मळ उतरून ती काळपट दिसते. ही पांढरीशुभ्र होती, म्हणजे ताजी. चेंडूचा डाग कुठेच नाही. टोचा एक कोपरा चेमटलेला आणि तिथून चीर दोन इंच वर गेलेली. खोक्याचाही तोच कोपरा दबलेला.

म्हणजे खोकं आपटलं. मी लगेच कुरिअरवाल्याकडे. तिथल्या पोराने पावतीमागची बारीक अक्षरं दाखवली: माल पाठवणाऱ्याच्या जोखमीवर. वर मूळ खरेदीचं बिल मागितलं. आता मैदानावर पॅड सोडता सोडता बॅट विकणारा खेळाडू बिल देतो का? मी काही न बोलता परत आलो. खरं सांगायचं तर बोललो होतो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊनही एक गोष्ट डोक्यातून जाईना. खोकं मी स्वतः भरलं होतं. बंद केल्यावर हलवून पाहिलं होतं, आतून आवाज नव्हता. मग टो भिंतीला लागलाच कसा?

खोकं मोठं का घेतलं नाही, तर त्याला हिशेब आहे. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि 5000 ने भागतात. माझं खोकं 92 बाय 15 बाय 12. सव्वा किलोची बॅट त्या हिशेबाने 3.3 किलोची होते. अजून मोठं खोकं घेतलं तर नफा भाड्यातच जातो. म्हणून टोखाली चार बोटं जागा ठेवली होती आणि ती जुन्या गादीतल्या कापसाने गच्च भरली होती. कापूस आमच्याकडे काही कमी नाही.

दुपारी तीन वाजता मुलाची जुनी बॅट काढली, तसंच खोकं, तेवढाच कापूस. हलवलं. आवाज नाही. खोकं मोटारसायकलच्या मागे उभं बांधलं, टो खाली.

"डोकं गेलं काय तुमचं? भर उनात खोकं घेऊन कुठी निंघाले?" बायको.

"दर्यापूरले. जाऊन येतो."

"इकाले?"

"नाई. आवाज आयकाले."

ती काही बोलली नाही, दुपट्टा आणि कांदा हातात दिला. आमचा रस्ता काळ्या मातीवरचा. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर कधीच सरळ राहत नाही. अकरा किलोमीटर जाणं, अकरा येणं. अंगणात खोकं सोडलं, कानाशी धरून हलवलं.

ठक.

उघडलं तर चार बोटांचा कापूस दबून भाकरीएवढा जाड राहिलेला. बॅट हादऱ्याहादऱ्याला खाली बसत गेली होती. त्यानंतर कोणी हातभर उंचीवरूनही खोकं टाकलं असेल, तर सगळा मार टोवरच. आयुष्यभर कापसाच्या गाठी पाहिल्या, दाबला की कापूस किती बसतो हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण लक्षात आलं नाही.

संध्याकाळी वडशाला फोन केला. म्हटलं, भाऊ, चूक पॅकिंगची आहे, पॅकिंग माझं आहे. तो बिचारा अर्ध्यावर तयार होता: "तीन हजार द्या जी, बॅट राहू द्या." मी नाही म्हणालो. टो फुटलेली बॅट अर्ध्या किमतीत गळ्यात मारायची आणि उद्या ती चाचणीतच उभी चिरली तर? पूर्ण 6500 पाठवले. बॅट सवडीने परत पाठवा, भाडं मी देतो, असं सांगितलं. मला ती 4800 ला पडली होती, जातानाचे 520 वेगळे.

आता टोला पुठ्ठ्याच्या चार घड्यांची टोपी घालतो, मूठ खोक्याच्या भिंतीला टेप लावून जखडतो, म्हणजे बॅट खाली सरकतच नाही. मधे शेतात पडलेला चार इंची पाईप कापून पाहिला. पाईप बाहेरून 110 मिलिमीटर आणि बॅट जवळजवळ 108 रुंद. आतून शिरेचना. अर्धा तास आणि चांगला पाईप, दोन्ही वाया.

बॅट आली तीन आठवड्यांनी. टोवर बारीक दोरा एकसारखा गुंडाळलेला, आत फेव्हिकॉल. आणि पात्याच्या मधोमध लाल डाग. मोजले, एकोणीस. मी फोन लावला.

"खेळली का हो पोरगी हिच्यानं?"

थोडा वेळ शांतता. "त्या दिवशी दुसरी नव्हती ना जी. पैसे द्यायचे का?"

"राहू द्या," म्हटलं. "निवड झाली का?"

"यादी लागली नाही अजून."

ती बॅट पुढे मी 3200 ला विकली. फोटोखाली लिहिलं होतं: टो दुरुस्त केलेला, डाग मधोमध.