साल्सात मसाला कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून

भिशीची पाळी माझ्याकडे आली की मी नाचोज (मक्याच्या चिप्स) आणि साल्सा, म्हणजे टमाटरांची मेक्सिकन चटणी, ठेवते. वाटी रिकामी व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काकू, यात मसाला कोणता घातला हो?" उत्तर ऐकून बहुतेकींचा हिरमोड होतो: जिरं. तेही चिमूटभर.

मसाला म्हटलं की आपलं नागपुरी डोकं सावजीकडे धावतं. माझंही धावलं होतं. पुतण्याच्या वाढदिवसाला अर्धा किलो टमाटर बारीक चिरले आणि वरून दोन चमचे सावजी मसाला घातला. तासाभरात लाल वाटी मातकट झाली, दगडफूल दाताखाली धुळीसारखं लागायला लागलं. पोरांनी चिप्स कोरड्याच खाल्ल्या. दिरांनी तेवढा पोळीशी संपवला.

चूक मसाल्याची नव्हती. त्याला तेल लागतं, तर्री सुटेपर्यंत परतणं लागतं. कच्च्या साल्सात ना फोडणी, ना शिजवणं. पूड नुसती भिजत पडते. तेव्हापासून डब्याला हात लावण्याआधी एकच बघते, हे कच्चं खाववेल का? गरम मसाला, हळद, धणेपूड तिथेच बाद. जिरं मात्र तव्यावर रंग गडद होईस्तोवर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटलं की चालतं. अर्ध्या किलोला पाव चमचा.

खरा मान सांभाराचा. पुणेकर पाहुण्यांना हा शब्द ऐकून इडलीच आठवते, पण आपल्याकडे कोथिंबीर म्हणजे सांभारच. मजा अशी की टमाटर आणि मिरची तिकडून, अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, आणि जिरं-सांभार स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेले. म्हणजे देवाणघेवाण फिटली! पानं खुडून देठं फेकू नका. कोवळ्या देठांत वास जास्त असतो. ती अगदी बारीक चिरून आधी घालायची, पानं वाढताना. जानेवारीतल्या जुडीला जो घमघमाट असतो तो मे महिन्यात नसतो, तेव्हा दुप्पट घ्या.

"ओरेगॅनो?" हा पुढचा प्रश्न. पिझ्झाबरोबरच्या पुडीतलं पुदिन्याच्या कुळातलं. मेक्सिकोतलं वेगळं, ते घाणेरीच्या कुळातलं. (घाणेरी खायची नाही, हे सांगून ठेवते.) मी कुंडीतल्या ओव्याचं एक लहान पान बारीक चिरून घालते. एकच. दोन घातलीत तर साल्सा पोटदुखीच्या औषधासारखा लागेल.

मिरचीचं म्हणाल तर हिरवी चिरताना आतला पांढरा पडदा काढा. तिखटपणा बियांपेक्षा त्या पडद्यात असतो. लाल साल्सा हवा असेल तर उमरेडच्या पुढच्या भिवापूरची वाळकी मिरची घ्या. तवा मंद ठेवून ती फक्त फुगू द्यायची. काळी पडली की कडू झालीच. मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, भाजलेल्या टमाटरांबरोबर वाटायची. आजी चुलीत भाजलेल्या भेदराची, म्हणजे टमाटराची, चटणी करायची, तिचाच हा चुलतभाऊ. लसूण कच्चा असेल तर अर्धी पाकळी पुरे, तासाभरात तो अंगावर येतो.

आंबटाला लिंबू. पण मेक्सिकोच्या युकातान भागात आंबट संत्र्याचा रस घालतात. आपलं संत्रं गोड, म्हणून त्याच्या दोन चमचे रसात एक चमचा लिंबू पिळते. थंडीत मी हेच करते आणि भिशीतल्या बायका तेव्हा मसाल्याऐवजी संत्र्याबद्दल विचारतात.

मीठ चिरलेल्या टमाटरांना आधी लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली निथळलेलं पाणी मी रात्रीच्या वरणात ढकलते.