फार्सचं हँडबिल आणि जावक क्रमांक

जुनी वर्तमानपत्रं चाळायला ग्रंथालयात गेलो की विचारतात, 'कोणत्या संस्थेतर्फे?' या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांच्या जाहिराती जमवतो, त्यातही फार्सच्या, म्हणजे मुख्य खेळानंतर होणाऱ्या छोट्या विनोदी नाटकाच्या. यासाठी संस्था कुठून आणायची?

हँडबिल मिळालं ते सहज, रद्दीवाल्याकडच्या जमाखर्चाच्या वहीत. गुलाबी, पातळ कागद. वरचा पट्टा फाटलेला, म्हणजे नेमकं मंडळीचं नावच गेलेलं. आधी पौराणिक खेळ, मग 'शेवटीं हास्यकारक फार्स होईल', खाली बैठकीचे दर. मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी मोडीत तेलाची उधारी मांडलेली. (मागची बाजू पुसायला जाऊ नका, हिशेबात कधीकधी शकही सापडतो. माझ्यात नव्हता.) तळाला पुण्याच्या छापखान्याचं नाव. सालाचा पत्ता नाही, नुसता शनिवार आणि तिथी.

वार आणि इंग्रजी तारीख असली तरी भागत नाही. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, रविवारी. पण ३१ ऑक्टोबरला रविवार १८७५ सालीही होता आणि १८८६ सालीही. वार, तारीख आणि तिथी तिन्ही असतील तर पंचांगावरून साल निघतं. नाहीतर त्या काळची वर्तमानपत्रं चाळायची. पुण्यासाठी 'ज्ञानप्रकाश', १८४९पासूनचं, १८८१नंतर 'केसरी'ही.

आणि तिथेच माझी गाडी अडली. ग्रंथालयाचं नाव घेत नाही. अर्जात 'उद्देश' असा रकाना होता. मी 'छंद' लिहिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, छंद चालत नाही, संशोधन लिहा." संशोधन लिहिलं, तर संशोधकाला संस्थेचं शिफारसपत्र लागतं! मोबाइलवर फोटो काढायला बंदी. झेरॉक्सला बंदी, कारण पानं तुटतात. हे मला मान्य. स्कॅन मिळेल, पण स्कॅनवाले निवडणुकीच्या ड्यूटीवर. मायक्रोफिल्म बघा म्हणावं तर यंत्राचा दिवा गेलेला, आणि नवा मागवायची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मी ते पत्र मिरवतच घेऊन गेलो. बाईंनी चष्मा लावून वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. "यावर जावक क्रमांक नाही."

त्या क्षणी मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली होती. क्रमांक घालणारा कारकून गावाला.

सुट्टी संपल्यावर जावक क्रमांक पडला, वर्तमानपत्राची फाइल आली, आणि त्याच सकाळी जाहिरात सापडली. पानाच्या कोपऱ्यात तोच शनिवार, तोच खेळ, तेच दर. मंडळीचं नाव आणि साल, दोन्ही. वाचनकक्षात मोठ्यानं हसलो म्हणून समज मिळाली; ती आनंदानं घेतली.

तुम्ही जमवायला लागणार असाल तर पत्राचं आधी बघा, हँडबिलाचं मागाहून. आणि घेताना मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत अक्षरांचा दाब बऱ्याचदा हाताला लागतो, आजकालच्या नकलेत नाही. शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छापलेलं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. फाटलेला कागद तसाच सपाट ठेवा. मंडळीचं नाव नसलेलं स्वस्तात मिळतं, ते सोडू नका.

हो, आणि ग्रंथालयात जाताना पेन्सिल न्या. पेन दारातच काढून घेतात, आणि जाहिरात हातानं उतरवून घ्यायला कुठलंही पत्र लागत नाही. हे मला बाईंनी सगळं झाल्यावर सांगितलं.