आधी पाणी मोजावं लागतं

गड्ड्याच्या यात्रेसाठी जानेवारीत सोलापूरला आलो की दरवर्षी कुणीतरी विचारतंच. यंदा सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर शेजारच्या काकांनी विचारलं, "मोबाइलवर समुद्राचा तळ दिसतो की रे. मग तुम्ही लोक महिना-महिना जहाजावर काय मोजत बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काका. मोबाइलवरचा तो तळ बराचसा अंदाजाचा आहे. उपग्रहाचं रडार पाण्यात शिरत नाही. खाली डोंगर असला की त्याच्या गुरुत्वाकर्षणानं वरचं पाणी किंचित फुगतं, त्या फुगवट्यावरून डोंगर ताडतात. लहानसहान टेकड्या त्यात निसटतात. आपल्याकडे विहिरीत दोरी सोडून परस मोजतात, कोळी वाव मोजतात. आम्ही दोरीच्या जागी आवाज सोडतो. ४००० मीटरवरून प्रतिध्वनी यायला साधारण सव्वापाच सेकंद लागतात.

पण नुसत्या वेळेवरून खोली कळत नाही, आवाजाचा वेगही लागतो. तो पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर, आणि हा 'साधारण' शब्दच आमची झोप उडवतो. पाणी जितकं गरम, जितकं खारट, जितकं दाबाखाली, तितका वेग जास्त. अरबी समुद्रात वर २८ अंश असतात, हजार मीटर खाली दहाच्याही आत. वेगात एक टक्का चूक झाली, तर ४००० मीटरला ४० मीटर चुकले. म्हणून जहाज थांबवून तारेवरून सीटीडी सोडायचं: क्षारता, तापमान, दाब सगळं खालपर्यंत मोजत जाणारं यंत्र.

मल्टिबीम या तळ मोजायच्या यंत्रात तर आवाजाचे शेकडो झोत पंख्यासारखे पसरतात. कडेचे तिरपे जातात आणि पाण्याच्या प्रत्येक थरात थोडे वाकतात. एकदा वारा पडलेला, ऊन कडक. सकाळी सपाट दिसणारा तळ दुपारी पडद्यावर दोन्ही कडांनी वाकायला लागला. तळ कसला हलतोय! वरचं पाणी तापलं होतं. पुन्हा सीटीडी टाकलं, नवे आकडे दिले, तळ सरळ झाला. त्या दिवशी मला पटलं, की तळाचा नकाशा काढताना आपण मुळात पाणीच वाचत असतो.

आम्हाला नडणारी हीच गोष्ट वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श या समुद्रशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उलटी वापरायची ठरवली. अंतर माहीत असेल तर आवाज किती लवकर पोचला यावरून मधलं पाणी किती गरम आहे ते कळेल. जानेवारी १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात हर्ड बेटाजवळ सोडलेला आवाज अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांजवळ ऐकू आला. इतक्या लांबच्या वाटेवरचं पाणी एका आवाजात तपासता येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काकांनी थोडा वेळ तळ्याकडं पाहिलं. "मग उजनीतला गाळ मोजायचा तर?"

असाच मोजता येतो, म्हटलं. फक्त उन्हाळ्यात मोजायचा तर आधी पाण्याचं तापमान घ्यायचं.