तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरला बॅटरी किती मोठी?

"छपरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, आता बॅटरी किती मोठी घेऊ?" कुडाळ-सावंतवाडी भागात पॅनल बसवायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं: पॅनल दिवसाला १२ युनिट करतात, तर बॅटरीही १२ युनिटची हवी. एवढी लागत नाही हो.

नेट मीटर असेल तर दिवसा उरलेली वीज लाइनवर जाते आणि बिलातून वजा होते. बॅटरी घ्यायची ती फक्त लाइट जाते त्या वेळेसाठी. पण लाइट गेली की साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेल्या, इन्व्हर्टरचं सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. म्हणजे बॅटरीबरोबर हायब्रिड इन्व्हर्टरचा, म्हणजे लाइट गेल्यावरही पॅनल आणि बॅटरीवर घर चालवणाऱ्या इन्व्हर्टरचा, खर्चही धरा. पीएम सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांचं अनुदान पॅनलचं आहे, बॅटरीचं नाही.

म्हणून मी छपरावर जायच्या आधी स्वयंपाकघरात बसतो आणि कागद मागतो. रात्रभर लाइट नसेल तर काय काय चालू हवं? एका घरी मुलगा एसी म्हणाला, सूनबाई वायफाय म्हणाल्या आणि आजींनी दारातूनच विचारलं, "फ्रीज चलतलो मा रे? आत बांगडे आसत." सगळ्यात कामाचा प्रश्न आजींचा. एसी मी खोडला.

दोन साधे पंखे, ७५ वॅटचे, १० तास: दीड युनिट. पाच एलईडी दिवे पाच तास: पाव युनिट. फ्रीज रात्रभरात साधारण अर्धा युनिट खातो, आणि राउटर अगदी थोडं. बेरीज झाली २.३५. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, ती धरून २.७. लिथियम बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे ३ युनिटची पुरे. लेड-ॲसिड मात्र निम्म्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणून तिथे ५.४ युनिट हवेत. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे १.८ युनिट, तेव्हा हिशोबाने तीन झाल्या. पण बहुतेक इन्व्हर्टर २४ नाहीतर ४८ व्होल्टचे असतात, तिथे १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून दोन बसतात किंवा चार. तुम्ही चारचे पैसे भरता. शिवाय त्या बॅटरीवरचा १५० आकडा सी१० चा आहे की सी२० चा, हे दुकानदाराला विचाराच. सी२० म्हणजे २० तासांत हळूहळू काढलेला आकडा. १० तासांत काढायला गेलात तर तेवढा मिळत नाही.

आता तोच कागद पुन्हा बघा. अर्ध्याहून जास्त वीज पंखे खातायत. ते काढून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे बसवले की दीड युनिटचं ०.६ होतं आणि ३ युनिटच्या लिथियमऐवजी २ युनिटची चालते. बॅटरीतल्या एका युनिटची किंमत आणि दोन पंख्यांची किंमत विचारून बघा, माझी फी वसूल होईल. पंपाचं वेगळं. एक एचपीची मोटर चालताना साधारण पाऊण किलोवॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. तिथे बॅटरी मोठी करून उपयोग नाही, इन्व्हर्टर तेवढा ताकदीचा हवा. त्यापेक्षा दिवसा टाकी भरून ठेवा.

"आणि तौक्ते वादळासारखं झालं तर?" हेही विचारतात, आणि बरोबर विचारतात. मे २०२१ मध्ये इथल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. पण १२ युनिटची बॅटरी घेतलीत तरी ती भरणार कशाने? झडीच्या दिवसात ३ किलोवॅटचे पॅनल कधीकधी ३ युनिटही मुश्किलीने देतात. रात्री २ वापरले आणि दुसऱ्या दिवशी ढगातूनही तेवढे भरले, तर घर आठवडाभरही चालतं. मोठी बॅटरी पहिले चार-पाच दिवस जास्त काढेल, हे खरं. त्या चार-पाच दिवसांसाठी वाढीव पैसे मोजायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. घरात ऑक्सिजनचं मशीन लागणारं कोणी असेल, तर मी स्वतःच मोठी घ्या म्हणेन.

गणपतीचा हिशोब मात्र धरू नका. मुंबईची मंडळी येतात, माणसं तिप्पट होतात, आरास रात्रभर झगमगते. ते पाच दिवस जनरेटर भाड्याने आणा. पुढेमागे कुटुंब वाढेल असं वाटत असेल, तर दुसरी बॅटरी समांतर जोडता येईल असाच इन्व्हर्टर घ्या आणि तसं कोटेशनवर लिहून मागा.