सिम्प्सन आणि सव्वासहा सेंटिमीटरचं गाढव : कामाची तिसरी नोंद

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. गाढव उभं आहे, माणूस अर्धा आहे आणि जमीन दुसऱ्यांदा केली आहे. माणसाचं डोकं तीन वेळा कापून टाकलं. ते का, हे या नोंदीत सांगतो, कारण रंगापेक्षा त्यातच जास्त वेळ गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. छोट्या आकृत्यांचा देखावा करतोय, स्केल १/१६, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा. विषय पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची गॅलिपोलीची लढाई, मे १९१५. ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या फील्ड अँब्युलन्सचा, म्हणजे रणांगणावरून जखमींना आणणाऱ्या वैद्यकीय पथकाचा शिपाई जॉन सिम्प्सन आणि त्याचं गाढव. हा विषय डोक्यात शिरला तो मामांच्या तिकिटांच्या अल्बममधून. ऑस्ट्रेलियाने १९६५ साली गॅलिपोलीच्या पन्नासाव्या वर्षाची तीन तिकिटं काढली. तिन्हींवर चित्र एकच : गाढवावर जखमी सैनिक आणि त्याला सावरत चालणारा माणूस. लहानपणी मला ते आपल्याकडच्या कुठल्या तरी संताचं चित्र वाटायचं. तेच तिकीट भिंगाखाली धरून मी पहिलं डोकं घडवलं. जबडा, नाक, टोपीखालची सावली, सगळं त्यावरून घेतलं. चांगलं जमलं होतं.

मग कळलं की तिकिटावरचा माणूस सिम्प्सन नाहीच!

ते चित्र न्यूझीलंडच्या होरेस मूर-जोन्स या चित्रकाराच्या प्रसिद्ध जलरंगचित्रावरून घेतलेलं. त्याने ते १९१७ मध्ये एका फोटोवरून रंगवलं. फोटो सिम्प्सनचा आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात फोटोत होता न्यूझीलंडच्या वैद्यकीय दलातला रिचर्ड हेंडरसन, पेशाने शिक्षक, गाढवावरून जखमींना आणणारा दुसराच माणूस. पुढे सॉमच्या लढाईत त्याला मिलिटरी मेडल मिळालं, पासेंडेलला विषारी वायूने डोळे गेले. चित्रकाराचाही शेवट असाच : १९२२ मध्ये हॅमिल्टन शहरात हॉटेलला आग लागली, तेव्हा लोकांना बाहेर काढताना तो भाजला आणि गेला. म्हणजे एका चित्राभोवती लोकांना वाचवणारी तीन माणसं, आणि नाव फक्त एकाचं. मी घडवलेलं पहिलं डोकं हेंडरसनचं होतं. ते फेकलं नाही, डबीत ठेवलंय. त्याची वेगळी आकृती कधीतरी करेन.

मग खऱ्या माणसाकडे वळलो. जन्म ६ जुलै १८९२, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं साउथ शील्ड्स गाव. पूर्ण नाव जॉन सिम्प्सन किर्कपॅट्रिक. लहानपणी सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर मुलांना गाढवावरून फिरवायचं काम तो करायचा, त्यामुळे गाढवांशी ओळख जुनी. १९०९ मध्ये वडील वारले आणि हा व्यापारी जहाजावर गेला. १९१० च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पळाला. नंतर ऊसतोड, कोळशाच्या खाणी, बोटींवर भट्टीत कोळसा टाकणं. हातात पैसे आले की आईला पाठवायचे. ऑगस्ट १९१४ मध्ये पर्थजवळ ब्लॅकबॉय हिलच्या छावणीत तो भरती झाला, पण किर्कपॅट्रिक गाळून. 'सिम्प्सन' हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. पळून गेलेल्या खलाशाला आजोळचं नाव सोयीचं पडलं असणार. सैन्यात गेलं की फुकटात इंग्लंड गाठता येईल, असाही त्याचा हिशेब होता म्हणतात. जहाज इजिप्तला उतरलं.

२५ एप्रिल १९१५ ला तो गॅलिपोलीच्या अँझॅक कोव्ह या किनाऱ्यावर उतरला आणि १९ मेला मारला गेला. चोवीस दिवस. वय बावीस. सगळी कीर्ती या चोवीस दिवसांची आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली होती.

आणि इथेच माझं दुसरं डोकं चुकलं. धाकट्या भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "दादा, हा तर दोन पोरांचा बाप वाटतोय." खरं होतं. पुतळे पाहून पाहून मी त्याला पस्तिशीचा केला होता. कपाळावर आठ्या, गालफडं बसलेली. बावीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर कोरायला फारसं काही नसतं, आणि म्हणूनच तो अवघड. एपॉक्सी पुट्टी मऊ असताना ओल्या ब्रशने फक्त गोलाई आणायची आणि हात आवरायचा. मी पेशाने दातांचा डॉक्टर, कोरत राहायची खोड. तिसरं डोकं खोडीपायी गेलं. चौथं आता बसवलंय, ते आणखी कोरणार नाही.

गाढवाची गंमत वेगळी. तयार रेझिनचं मागवलं होतं, ते निघालं कान लांब केलेलं घोडं. मान उंच, पाठ सरळ, पाय नाचरे. शेवटी पौष पौर्णिमेला जेजुरीला गेलो, गाढवांच्या बाजाराला. दिवसभरात दीडशे फोटो आणि मापं. विकायला आलेल्या लोकांना वाटलं, घ्यायचंय पण किंमत पाडतोय. खांद्याशी उंची सरासरी एक मीटर धरली, म्हणजे आपल्या स्केलला ६२ मिलिमीटर. शेजारी साडेपाच फुटी माणूस येतो १०५ मिलिमीटरचा. हे प्रमाण धरलं की चित्र एकदम बदलतं : गाढव माणसाच्या छातीखाली राहतं, आणि वर बसलेल्या जवानाचे पाय जवळजवळ जमिनीला लागतात. पाठीवरची काळी रेघ आणि खांद्यावरची आडवी रेघ विसरू नका. तोंडाशी आणि डोळ्यांभोवती पांढुरकं ठेवा. गाढवाचं नाव तळपट्टीवर लिहिणार नाही. डफी, मर्फी, अब्दुल अशी बरीच नावं सांगतात आणि गाढवंही एकाहून जास्त होती.

तळपट्टीवर अजून एक गोष्ट येणार नाही : 'तीनशे जणांचे प्राण वाचवले.' हा आकडा सगळीकडे सापडतो. चोवीस दिवसांनी भागून बघा, रोज बारा-तेरा माणसं होतात, तीही गोळीबाराखालच्या दरीतून पायी वर जाऊन आणायची. समकालीन पुरावा जेवढा आहे तेवढा मला पुरेसा वाटतो. चौथ्या ब्रिगेडचा प्रमुख कर्नल मोनॅश, ज्याचं नाव त्या दरीच्या वरच्या भागाला आहे, त्याने सिम्प्सन मारला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना खास पत्र लिहून त्याच्या कामाची दखल घेतली. युद्धाच्या धबडग्यात कर्नलने एका साध्या शिपायासाठी लेखणी उचलावी, हे तीनशेच्या आकड्यापेक्षा मोठं आहे. सरकारी खलित्यात त्याचा उल्लेख झाला, व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मात्र मिळालं नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लवादाने हा विषय पुन्हा तपासला आणि निकाल तोच ठेवला. यावर तिकडे हमरीतुमरी होते, मी त्यात पडत नाही.

आपल्या दृष्टीने मोलाचा भाग बेसच्या डाव्या कोपऱ्यात आहे. सिम्प्सन आपल्या तुकडीपासून वेगळा राहायचा, आणि वरिष्ठांनीही त्याला मोकळं सोडलं होतं. त्याचा मुक्काम होता भारतीय डोंगरी तोफखान्याच्या खेचरवाल्यांजवळ, २१ वी कोहाट बॅटरी. शीख आणि पंजाबी मुसलमान जवान. ते त्याला 'बहादूर' म्हणायचे. म्हणून कोपऱ्यात एक शीख खेचरवाला बसवतोय. पगडी पुट्टीत कोरून बघितली, दगडासारखी दिसली. मग टिश्यू पेपरची बारीक पट्टी फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून खरीखुरी गुंडाळली, बाहेरून आत, एकेक पेच. या बॅटऱ्यांची दहा पौंडी (म्हणजे दहा पौंडाचा गोळा टाकणारी) तोफ सुटी करून खेचरांवर लादत, आणि नळीसुद्धा दोन तुकड्यांत यायची, जागेवर पेच आवळून जोडायची. तोफ दाखवायला जागा नाही, पण नळीचा एक तुकडा खोगिरावर ठेवायचा मोह होतोय.

जमिनीत मी फसलो. घरात गणपतीची शाडू उरली होती, तीच थापली. वाळल्यावर दोन-दोन मिलिमीटरच्या भेगा पडल्या. स्केलला त्या तीन सेंटिमीटरच्या होतात, आणि श्रॅपनेल गली, म्हणजे त्या दरीचा खालचा भाग, माण तालुक्यातल्या आटलेल्या तळ्यासारखी दिसायला लागली. सगळं खरवडून कागदाचा लगदा, फेव्हिकॉल आणि चाळलेली पिवळी माती असं मिश्रण लावलं. ते बसलंय. खुरट्या झुडपांना नारळाचा काथ्या. मे महिना आहे, म्हणून पॉपीची चार-दोन लाल फुलं चालतील, जास्त टाकली की स्मारक वाटेल.

गणवेशाला व्हॅलेहो कंपनीचे इंग्लिश युनिफॉर्म आणि ग्रीन ग्रे हे दोन रंग, निम्मे निम्मे. ऑस्ट्रेलियन कोट ब्रिटिशांपेक्षा हिरवट-करडा आणि ढगळ असतो. बटणं चमकवू नका, ती काळपट होती. दंडावर रेडक्रॉसची पट्टी, धुळीने मळलेली.

आता प्रसंगाबद्दल. बहुतेक पुतळे त्याला जखमी माणसासह उतरताना दाखवतात. मी त्याला चढताना दाखवतोय, मोकळ्या गाढवाबरोबर. १९ मेच्या पहाटे तुर्की सैन्याने सुमारे ४२ हजार माणसांनिशी हल्ला चढवला होता. त्या सकाळी सिम्प्सन नेहमीप्रमाणे पाण्याच्या साठ्यावर पहारा देणाऱ्यांपाशी आला. तिथे तो न्याहारी करायचा, पण त्या दिवशी ती तयार नव्हती. राहू दे, परत आल्यावर चांगलं जेवायला घाला, असं ओरडून तो वर गेला. दोन जखमींना घेऊन ओढ्याच्या पात्रातून उतरताना छातीत गोळी लागली. ते दोघेही पुन्हा जखमी झाले. त्याला किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला हेल स्पिटवर पुरलं.

म्हणून बेसवर पाण्याचे चौकोनी पत्र्याचे डबे आहेत, आणि एक चूल आहे, तिच्यावर भांडं नाही. सिम्प्सनचं डोकं चुलीकडे वळवायचं की दरीकडे, यावर आठवडा गेला. मान सध्या पिनेवर आहे, अजून चिकटवलेली नाही. आज रात्री दरीकडे वळवून बघतो. लगाम शिशाच्या पत्र्याचा करावा की कागदाचा, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. माझे शिशाचे दोन लगाम वाकवताना तुटले.